बिल माफ झाले, मोटार जळायची थांबली का?

राज्य सरकारने २०२४ साली साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल पाच वर्षांसाठी माफ केले. चांगलेच झाले. पण जळालेली मोटार भरून आणायचा खर्च त्या माफीत येत नाही. तो शेतकऱ्याच्याच बोकांडी.

मोटार जळाली की आपण व्होल्टेजला शिव्या देतो. त्यात खोटे काही नाही. ४१५ चे व्होल्टेज ३२० वर आले की तेच पाणी उपसायला मोटार जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापते. डीपीवरचा एक फ्यूज गेला तर त्याहून वाईट. उरलेल्या दोन फेजवर करंट पावणेदोनपटीच्या घरात जातो. बंद मोटार तर सुरूच होत नाही, नुसती घुमते आणि बघता बघता वास सुटतो.

यासाठीच स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. पण गावोगावचे स्टार्टर उघडून पाहा! रिले सारखा पडतो म्हणून त्याचा काटा शेवटच्या आकड्यावर, फ्यूजच्या जागी जाड तार, नाही तर बटणात काडी खोचलेली. मग दोष एकट्या वीज कंपनीचा कसा?

पाच एचपीची मोटार पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते. नेमका आकडा प्लेटवर असतो. साध्या स्टार्टरला रिले त्याच आकड्यावर लावायचा. स्टार-डेल्टात रिले बहुधा वाइंडिंगच्या फेजमध्ये असतो, म्हणून तिथे ५८ टक्के, म्हणजे सव्वाचारच्या आसपास. वायरमनकडून समोर उभे राहून करून घ्या. सिंगल फेज प्रिव्हेंटर वेगळा बसवावा लागतो. विहिरीचे पाणी तुटले तर करंट वाढत नाही, उतरतो; तिथे हा रिले कामाचा नाही, ड्राय रनचे संरक्षण असलेले पॅनेल हवे.

ऑटो स्विचचे दुखणे निराळे. रात्री दोनला बिबट्याच्या भीतीत मळ्यात कोण जाणार, हे खरेच. पण लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात, साध्या स्टार्टरवरची प्रत्येक पाच-सहापट करंट ओढते, व्होल्टेज बसते आणि डीपीवर गदा येते.

६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या अकरा-बारा मोटारी पूर्ण भाराने चालतात. तुमच्या डीपीवर किती आहेत? सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी डीपीवार मोजून क्षमतावाढीच्या अर्जाला तो हिशेब जोडावा. आकडे टाकून चालणाऱ्या मोटारी यादीत धरायच्या का, यावर ग्रामसभेत भांडण होईल. होऊ द्या, पण रब्बीचे पाणी सुरू व्हायच्या आधी.