आपलें घर ओळखणाऱ्या पेशी

माझे एक जुने विद्यार्थी मागील महिन्यांत घरीं आले होते. त्यांच्या थोरल्या कन्येस रक्ताचा कर्करोग झालेला. बावीस वर्षांच्या धाकट्या चिरंजीवांची अस्थिमज्जा तिला जुळते, असें डॉक्टरांनीं सांगितलेलें. सख्ख्या भावंडांत असा पूर्ण मेळ बसण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो. तथापि आजीबाई म्हणाल्या, "एक लेकरूं वांचवितांना दुसऱ्याचीं हाडें पोकळ करावयाचीं काय?" प्रश्न मायेचा होता, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों.

मज्जेंतील मूलपेशी या सर्व रक्तपेशींच्या जननी होत. १९६१ सालीं टोरांटो येथें टिल व मॅक्युलॉक यांनीं, किरणांनीं मज्जा नष्ट केलेल्या उंदरांच्या शिरेंत निरोगी मज्जा सोडली. तेव्हां त्यांच्या प्लीहेंत नव्या रक्तपेशींच्या गांठी उगवल्या. मनुष्यावर हा उपचार रूढ करणारे डॉनल थॉमस यांस १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मौज अशी कीं, रोग्याच्या हाडांस कोणी छिद्र पाडीत नाहीं. रक्त चढवावें तशा या पेशी शिरेंतून देतात. मग त्या हाडांत पोंचतात कशा? मज्जेंतील कांहीं पेशी सी-एक्स-सी-एल-१२ नांवाचें द्रव्य स्रवतात, व तें ओळखण्याची खूण मूलपेशीच्या पृष्ठावर असते. रक्ताबरोबर वाहणारी पेशी मज्जेंतील सूक्ष्म वाहिनीच्या भिंतीवरून प्रथम घरंगळते, मग चिकटते व शेवटीं भिंतींतून वाट काढून आंत शिरते. अंधारांत धुपाच्या वासावरून देवघर सांपडावें, तसाच हा प्रकार. पुढें साधारण दोन ते चार आठवड्यांनीं रक्तांत नव्या पेशी दिसूं लागतात.

आतां दात्याविषयीं. चार-पांच दिवस औषध टोंचलें म्हणजे मूलपेशी मज्जा सोडून रक्तांत उतरतात. यंत्रानें त्या वेगळ्या काढून उरलेलें रक्त परत देतात. हाडें कांहीं दिवस दुखतात. पण झालेली तूट कांहीं आठवड्यांत भरून निघते. धोका असतो तो मुख्यतः रोग्यास. तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा.

मात्र या पेशी सर्व शरीर दुरुस्त करीत हिंडतात, असें समजूं नये. त्वचेची व आंतड्यांची डागडुजी तेथल्याच स्थानिक मूलपेशी करितात. सबब एकाच सुईनें गुडघा, मेंदू व हृदय बरें करूं म्हणणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावें.

हें ऐकून आजीबाई म्हणाल्या, "म्हणजे विहिरीसारखेंच कीं! उपसलें तरी झरा आहे." मागील पंधरवड्यांत नातू मूलपेशी देऊन घरीं आला. ताईच्या रक्तांत नव्या पेशी केव्हां दिसतात, याची वाट आतां सारें घर पाहत आहे.