कामगंध सापळ्याला नावं ठेवण्याआधी पतंगाचं नाक समजून घ्या



कपाशीला पात्या लागल्या की आमच्या राणीसावरगाव शिवारात एक बोलणं हमखास ऐकू येतं. "कामगंध सापळे म्हंजे निव्वळ टाइमपास. वाटलेत म्हणून टांगायचे." मला हे बोलणं अजिबात मान्य नाही. सापळा खोटा नसतो, आपण तो खोटा पाडायलोत.

प्रथिन म्हटलं की आपल्याला तुरीचं वरण आठवतं. पण पतंगाचं नाकसुद्धा प्रथिनांवरच चालतं. गुलाबी बोंडअळीची मादी रात्री पोटाच्या टोकातून वास सोडते. नराच्या डोक्यावरच्या दोन मिशा हेच त्याचं नाक. मिशीवर बारीक केस, केसाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि आत पाण्यासारखा रस. मादीचा वास मात्र तेलकट पदार्थाचा. तेल पाण्यात विरघळत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून त्या रसात वाहून नेणारी प्रथिनं असतात. ती वासाचा कण उचलून आतल्या नसेपर्यंत पोचवतात. नसेवर दुसरं प्रथिन कुलपासारखं बसलेलं असतं. बरोबर किल्ली लागली की मेंदूला खबर जाते अन् नर वाऱ्याच्या उलट दिशेनं मादीकडं निघतो.

हे काही कालचं ज्ञान नाही. जर्मनीच्या बुटेनांट यांनी १९५९ मध्ये रेशमाच्या पतंगाचा असा वास पहिल्यांदा ओळखला. त्यासाठी जवळपास पाच लाख पतंग लागले. वास वाहून नेणारं प्रथिन १९८१ मध्ये सापडलं. गुलाबी बोंडअळीचा वास १९७३ मध्ये ओळखला गेला. त्यात दोन पदार्थ आहेत, जवळपास निम्मे निम्मे. त्यालाच गॉसिप्लूर म्हणतात. हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या वासातही दोनच मुख्य पदार्थ, पण वेगळे, आणि प्रमाण साधारण ९७ ला ३. म्हणजे कुलूपही वेगळं अन् किल्लीही वेगळी.

आता सांगा, "ही गोळी सगळ्या अळ्यांना चालते" म्हणून विकणारा काय विकायला? मला एका दुकानात हेच ऐकवलं. घाटेअळीची गोळी लावून गुलाबी बोंडअळीच्या नराची वाट बघणं म्हणजे शेजाऱ्याच्या किल्लीनं आपलं कुलूप उघडणं. मग सापळा रिकामा राहतो अन् आपण म्हणतो, "पतंगच नाहीत." बोंडं फोडल्यावर कळतं. तंबाखू मळलेल्या किंवा औषधाच्या हातानं गोळी लावू नका. एका सापळ्यात दोन जातींच्या गोळ्या घालू नका. पाकिटावर लिहिलेली मुदत संपली की गोळी बदला.

दुसरा आक्षेप तर लईच गाजलेला. "सापळा लावला की शेजारच्या रानातले पतंग आपल्याकडं येतेत." येतात ते नर. अंडी मादी घालते. नर सापळ्यात अडकला तर तुमचं नुकसान काय?

हां, एक खरं. मॉनिटरिंगसाठी एकरी दोन सापळे लावून कीड संपत नाही. सुटलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. ते सापळे मारायला नसतात, खबर द्यायला असतात. पेरणीनंतर ४५ दिवसांनी, पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच लावायचे अन् रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठच्या वर नर आले, तर फवारणीचा विचार. सोबत डोमकळ्या बघा, हिरवी बोंडं फोडून बघा.

एवढा आटापिटा कशाला? कारण ही अळी अंड्यातून निघाली की लगेच फुलात, बोंडात शिरते. आत गेली की वरून कितीही औषध मारा, तिला लागत नाही. २००२ मध्ये बीटी आलं, २००६ मध्ये दोन जीनचं आलं, तरी ही अळी त्याला पचवून बसली. २०१७ मध्ये मराठवाडा-विदर्भानं ते भोगलं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी, शेतमजूर गेले. पतंग न मोजता पाठीवर पंप घेणं म्हणजे पैसाही घालवणं अन् जीवही धोक्यात घालणं.

अमेरिकेनं २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. नुसत्या औषधानं नाही. बीटी कापूस, मादीचा वास पसरवून नरांना चकवणं, नपुंसक पतंग सोडणं, पऱ्हाट्या मोडणं, हे सगळं अख्ख्या पट्ट्यानं मिळून केलं. आपण एका गावात तरी एकी दाखवू शकत नाही का?

माझं म्हणणं तीनच गोष्टींचं. दुकानदाराला किडीचं नाव अन् गोळीची तारीख विचारा, पक्की पावती घ्या. सापळे वाटणाऱ्यांना सांगा, फोटो नंतर काढा, आधी वेळेवर गोळ्या द्या. आणि गावातल्या फळ्यावर रोजचा पतंगांचा आकडा लिहा, म्हणजे सगळं शिवार एका दिवशी जागं होईल.

पटलं नसेल तर खाली लिहा, भांडू. पण येताना तुमच्या सापळ्यातला आकडा घेऊन या.