ऑनलाइन लिलावात भाव ठरवतो तो दुसरा ग्राहक

हाताने बनवलेल्या वस्तू परदेशात विकणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये दोन उलट गोष्टी घडल्या. ऑगस्टअखेर अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली ड्युटीची सूट बंद केली. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं आणि १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू केली, तीही ड्युटी आधीच भरून घेण्याच्या अटीवर. त्याच ऑक्टोबरमध्ये व्हॉटनॉट या लाइव्ह लिलावाच्या अमेरिकन ॲपचं मूल्यांकन साडेअकरा अब्ज डॉलरवर गेलं. म्हणजे पार्सल पाठवणं महाग झालं, आणि जुनाट वाटणारा लिलाव पुन्हा जोरात आला.

अशा वेळी सावंतवाडीच्या गंजिफा रंगवणाऱ्या कलाकाराने काय करायचं? दशावतारी गंजिफाच्या एका संचात १० अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे १२० गोल पानं असतात, आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. जगभर पत्ते जमवणारे संग्राहक आहेत. त्यांच्यासमोर हा संच लिलावात ठेवायचा की सरळ किंमत लिहून? मी सॉफ्टवेअरवाला आहे, रंगकामातला नाही. पण लिलाव हाही एक अल्गोरिदमच आहे, आणि तो समजला की वेळ आणि किंमत या दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं मिळतात.

आधी अल्गोरिदम

ईबेवर तुम्ही बोली लावता तेव्हा खरं तर तुमची कमाल मर्यादा सांगता. पुढची बोली सिस्टीम तुमच्या वतीने लावते, आणि समोरच्याला मागे टाकायला लागेल तेवढीच वाढवते.

समजा, संचाची सुरुवात ४० डॉलरला आहे. एका ग्राहकाची मर्यादा १५० आहे, दुसऱ्याची ११०. ईबेवर १०० डॉलरच्या पुढे बोली अडीच डॉलरने वाढते. त्यामुळे पहिला जिंकतो, पण देतो ११२.५० डॉलर. आता दुसरा ग्राहक आलाच नाही असं धरा. तोच पहिला माणूस, तीच मर्यादा, पण संच जातो ४० डॉलरला.

वस्तूवर सगळ्यात जास्त जीव असलेला माणूस भाव ठरवत नाही. भाव ठरतो त्याच्या मागच्या माणसामुळे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ साली या प्रकारच्या लिलावाचं गणित मांडलं होतं, आणि पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कारागिरासाठी त्याचा अर्थ साधा आहे: वेळ, सुरुवातीची किंमत, शीर्षक, फोटो हे सगळं करायचं ते दुसरा ग्राहक आणण्यासाठी.

सुरुवात किती रुपयांपासून?

'एक डॉलरपासून सुरू करा, गर्दी आपोआप होते' हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यात तथ्य आहे. कू, गॅलिन्स्की आणि मर्निहन यांच्या २००६ च्या अभ्यासात कमी किमतीपासून सुरू झालेले लिलाव अनेकदा जास्त किमतीला संपले. स्वस्त दिसलं की लोक येतात, आणि बोली लावली की गुंततात. पण त्याच अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. शीर्षकात स्पेलिंग चुकलेलं असेल, म्हणजे सर्चमध्ये वस्तू सापडणंच अवघड असेल, तर परिणाम उलटा होतो. लोक पोचतच नाहीत आणि वस्तू कमी भावात जाते.

गंजिफाला हे तंतोतंत लागू पडतं. इंग्रजीत या शब्दाची स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी लिहिली जाते, आणि बरेच संग्राहक नुसतं 'भारतीय गोल पत्ते' असं शोधतात. शीर्षकात हे सगळं नसेल तर एक डॉलरची सुरुवात म्हणजे जुगार.

माझं मत असं: याआधी तुमच्या वस्तूला दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारणा केली असेल, तरच कमी किमतीपासून सुरू करा. नाहीतर सुरुवात अशी ठेवा की एकच बोली आली तरी पदरचं जाऊ नये. त्यात साहित्य, मजुरी, पॅकिंग, पोस्टेज आणि कमिशन धरा. ईबेचं कमिशन पोस्टेजसकट एकूण रकमेवर लागतं, हे हिशेबात राहून जातं.

ड्युटीचं वेगळं लक्षात ठेवा. पोस्टेज ठरलेलं असतं, ड्युटी मात्र टक्केवारीत असते, त्यामुळे बोली चढली की तीही चढते. ती कोण भरणार हे लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहा आणि त्या दिवशीचा दर तपासूनच लिलाव लावा.

कधी संपवायचा?

ईबेवर लिलाव ज्या वेळी सुरू होतो, त्याच वेळी संपतो. आपण दिवसभराचं काम आटोपून रात्री ९ ला लिस्टिंग टाकतो. उन्हाळ्यात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ११:३० आणि कॅलिफोर्नियात ८:३० वाजलेले असतात. सात दिवसांनी लिलाव संपेल तेव्हा ग्राहक ऑफिसात असेल.

तिकडची रविवार संध्याकाळ हवी असेल तर आपल्याकडची सोमवार सकाळ धरावी लागते. सकाळी ६:३० म्हणजे न्यूयॉर्कमध्ये रविवार रात्रीचे ९ आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे ६. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग मार्चपर्यंत हीच वेळ आपल्याकडे ७:३० होते. पहाटे उठायची गरज नाही, लिस्टिंग आधीच शेड्युल करता येतं.

पण रविवार संध्याकाळ सगळ्यांनाच माहीत आहे. उरी सिमॉनसन यांनी २०१० मध्ये दाखवलं की संध्याकाळी ग्राहक वाढतात, पण विक्रेते त्याहून जास्त वाढतात, म्हणून त्या वेळी संपणाऱ्या लिलावांना भाव कमी मिळतो. त्यामुळे आधी सर्च करून बघा. तुमच्यासारख्या वस्तूंचे पाच लिलाव त्याच तासात संपत असतील तर तुम्ही दिवस बदला. स्वतःचे दोन संच असतील तर दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा, म्हणजे पहिल्यात हरलेला माणूस दुसऱ्याला येईल.

शेवटच्या मिनिटाचं काय?

रॉथ आणि ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली. ईबे ठरल्या सेकंदाला बंद व्हायचं. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची. शेवटच्या क्षणी बोली टाकणारे ईबेवर कितीतरी जास्त निघाले.

आपल्याकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर लिलाव करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. 'रात्री ९ ला बंद' असा नियम तिथे भांडणाला आमंत्रण आहे, कारण नेटवर्क संथ असेल तर दोन मेसेजचा क्रम दोन फोनवर वेगळा दिसू शकतो. 'शेवटच्या बोलीनंतर पाच मिनिटं शांतता असेल तर बंद' हा नियम जास्त न्याय्य आहे, आणि त्यात दुसऱ्या ग्राहकाला विचार करायला वेळही मिळतो.

लाइव्ह ॲपवर नेमकं याच्या उलट चालतं. एकेक वस्तू मिनिटभरात निकाली निघते. भरपूर माल आणि कायमचे प्रेक्षक असलेल्या विक्रेत्याला ते परवडतं. एका संचावर अनेक आठवडे घालवणाऱ्याचा दुसरा ग्राहक त्या एका मिनिटात हजर नसेल तर सगळी मेहनत पडत्या भावात जाते.

मग लिलाव करायचा की नाही?

ईबेवरही आज बहुतेक विक्री ठरावीक किमतीला होते, आणि हस्तकलेसाठी नावाजलेल्या एट्सीवर तर लिलावच नाही. कारागिराला आणखी एक धोका असतो. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव साधारण ९० दिवस कुणालाही बघता येतात. ४० डॉलरला गेलेला एक संच पुढच्या प्रत्येक ग्राहकाला दिसतो, आणि घासाघीस तिथूनच सुरू होते.

म्हणून मी लिलावाकडे भाव शोधण्याचं साधन म्हणून बघेन. वर्षातून एखादा खास संच, पुरेशी आगाऊ जाहिरात करून, सुरक्षित किमतीपासून लिलावात ठेवावा. दुसऱ्या ग्राहकाची बोली कुठे थांबली ते नोंदवून ठेवावं. त्या भावाला हरलेला एक खरा ग्राहक तुमच्याकडे आहे, आणि ईबे त्याला त्याच्या बोलीइतक्या किमतीचा प्रस्ताव पाठवायची सोयही देतं. पुढच्या संचांची ठरावीक किंमत तिथूनच सुरू करा.