पाच वर्षांची पत

अमेरिकेत १९९६च्या लॉटेनबर्ग दुरुस्तीनुसार घरगुती हिंसेचा किरकोळ गुन्हा सिद्ध झाला तरी बंदूक बाळगण्याचा हक्क जातो. पत्नीवर हात उचलणाऱ्याची ही बंदी शिक्षा भोगून संपत नाही. त्यासाठी दोषसिद्धी रद्द होणे किंवा माफी मिळणे यांसारखा मार्ग लागतो. २०२२च्या कायद्याने अविवाहित प्रेमसंबंधांतील हिंसाही या बंदीखाली आणली. मात्र तेथे पहिल्याच गुन्ह्यातील दोषीने शिक्षेनंतर पाच वर्षे हिंसेविना काढल्यास हक्क परत मिळतो. पती, माजी पती वा सहनिवासी यांना ही सवलत नाही. हा भेद अकारण नव्हे. सुधारलेल्यास संधी हवीच. परंतु हक्काचा हिशेब मांडताना त्याच उंबरठ्याआड राहणाऱ्या स्त्रीची निर्धास्त झोपही जमेस धरली पाहिजे.