‘जरा’ आणि ‘जरा’ : नभोवाणी केंद्रातील ध्वनिफाइलींविषयी

‘जरा’ हा शब्द नुसता लिहून दाखवला, तर त्याचा अर्थ ‘थोडेसे’ की ‘वार्धक्य’, हे अक्षरांवरून ठरत नाही. पहिल्या अर्थी आपण ‘ज’ दंततालव्य उच्चारतो, दुसऱ्या अर्थी तालव्य. विश्व या अर्थाचे ‘जग’ आणि ‘सुखाने जग’ यातील ‘जग’, यांचेही तसेच. मराठीच्या लेखनात हा भेद दाखवला जात नाही. तो बोलणाऱ्याच्या मुखात असतो. त्यामुळे एखाद्या गावात एखादी पिढी ‘च’ आणि ‘ज’ कसे उच्चारत होती, याचा खात्रीचा पुरावा म्हणजे ध्वनिमुद्रण.

असे ध्वनिमुद्रण आज मोठ्या प्रमाणावर करतात ती सामुदायिक नभोवाणी केंद्रे. २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे चालवण्याची वाट मोकळी झाली. या केंद्रांत संगणकावरील प्लेआउट प्रणाली वेळापत्रकाप्रमाणे एकामागून एक ध्वनिफाइली वाजवते. त्या फाइली कोणत्या प्रकारच्या असाव्यात, हा प्रश्न सहसा तंत्रज्ञावर सोपवला जातो आणि तो बहुधा एमपीथ्री निवडतो.

त्याचे म्हणणे चुकीचे नाही. एफएम प्रक्षेपणात सुमारे १५ किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी पोहोचतच नाही, आणि सेकंदाला १२८ किलोबिट दराची एमपीथ्री फाइल साधारण तेथवरचा ध्वनी राखते. एकदाच वाजवायचे असेल, तर श्रोत्याला फरक जाणवणार नाही.

प्रत्यक्षात फाइल एकदाच वाजवून संपत नाही. मुलाखत एमपीथ्रीमध्ये मुद्रित होते, संपादनासाठी उघडली जाते, पुन्हा एमपीथ्री म्हणूनच साठवली जाते आणि महाजालावर चढवताना तिसऱ्यांदा आक्रसते. कानाला जाणवणार नाही असे मानलेले काही ना काही प्रत्येक वेळी टाकून दिले जाते, आणि टाकलेले परत मिळत नाही. अशी फाइल नंतर वेव्हमध्ये बदलली, तर तिचे आकारमान वाढते एवढेच. या व्यवहारात झीज सोसतात ते प्रामुख्याने ‘स’, ‘श’ आणि दंततालव्य ‘च’, ‘ज’ यांतील घर्षणाचे ध्वनी. कारण त्यांची ऊर्जा बऱ्याच अंशी वरच्या कंप्रतांमध्ये असते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला लघुशोधप्रबंधासाठी एका केंद्राकडून एका वृद्ध स्त्रीच्या ओव्या मिळाल्या. फाइल ३२ किलोबिटची होती. आलेख काढला, तर ११ किलोहर्ट्झच्या वर काहीच नव्हते, आणि त्याखालचे घर्षणध्वनीही पाण्यातून ऐकू यावेत तसे विरघळलेले. मूळ ध्वनिमुद्रण डिस्कवर जागा करण्यासाठी पुसून टाकले होते. ओव्या गाणारी ती बाई तोवर हयात नव्हती.

जागेची ही सबब आता टिकत नाही. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकमार्गी वेव्ह फाइलीला मिनिटाला पावणेसहा मेगाबाइटांच्या आसपास जागा लागते. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला सुमारे १७३. म्हणजे एक टेराबाइटच्या एका डिस्कवर रोजचा एक कार्यक्रम पंधरा वर्षे साठवता येतो. तरीही काटकसर हवी असेल, तर फ्लॅक हा प्रकार आहे. त्यात फाइल लहान होते, पण मूळ ध्वनी जसाच्या तसा परत मिळतो.

म्हणून माझे मत असे, की माणसाचे बोलणे वेव्हमध्येच मुद्रित करावे, संपादनही त्यातच करावे आणि मूळ प्रत पुसू नये. प्लेआउटसाठी त्यावरून हवी तर एमपीथ्री काढावी, मात्र सर्व फाइलींचा नमुनादर एकच ठेवावा. विकत घेतलेल्या चित्रपटगीतांसाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. त्यांच्या मूळ प्रती अन्यत्र सुरक्षित असतात.

आणखी एक सोय फारशी वापरली जात नाही. युरोपीय प्रसारण संघाने १९९७मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह हा प्रकार ठरवून दिला. त्यात मुद्रणाचे वर्णन, मुद्रण करणारा, दिनांक आणि वेळ फाइलीतच नोंदवता येते. बोलणारी व्यक्ती कोण, गाव कोणते, बोली कोणती, हे त्या वर्णनात दोन ओळींत मावते. मी पाहिलेल्या केंद्रांतील फाइलींची नावे मात्र ‘फायनल’, ‘फायनल नवी’ आणि ‘एकदम फायनल’ अशी होती.