गृहिणींचें हृदय

हृदयविकार पुरुषांचाच, ही समजूत आमच्या घरांतही मुरलेली होती. काकूंना धाप लागली, मळमळलें, जबडा व पाठ दुखूं लागली. आम्हीं पित्त समजून आलेपाक दिला व निजविलें. इस्पितळांत नेईपर्यंत हृदयाचा कांहीं भाग कायमचा निकामी झाला होता! स्त्रियांत छातींतील कळेसमवेत, क्वचित् तिच्यावांचूनही, हींच लक्षणें दिसतात. अशा वेळीं तत्काळ 108 क्रमांकास फोन करावा. पाहुण्यांचीं पानें मागाहून वाढतां येतील. गरोदरपणीं ज्यांचा रक्तदाब वा साखर वाढली होती, त्यांस पुढेंही धोका अधिक. त्यांनीं दरसाल तपासणी करवावी. मीठ दिवसास 5 ग्रॅमांच्या आंत, लोणचें-पापड धरून! मिश्री तर आजच सोडावी.