दऱ्यांत दर्या कुठनं आला?

आमच्या वाङ्मय मंडळाचा अंक ज्या संगणकावर लावतो, त्यावर डेबियन आहे. फुकट मिळतं म्हणून आलं, आवड नंतर लागली. मागच्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीआधी अंक द्यायचा होता आणि मला लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती हवीशी वाटली. डेबियनच्या 'स्टेबल'मध्ये जुनीच होती. मग रात्री बसून इकडनं तिकडनं पॅकेजं आणली आणि वर चढवली. सकाळी प्रूफ बघून मॅडम म्हणाल्या, "काय रे हे, खानापूरच्या दऱ्यांत दर्या कुठनं आला?"

फॉन्ट बदलला होता, ओळी सरकल्या होत्या, आणि बऱ्याच ठिकाणी 'ऱ्या'चा 'र्या' झाला होता. आचाऱ्यास आणि आचार्यास यांतला फरक आपण शाळेत शिकलो, तोच. चूक माझीच. वेगवेगळ्या ठिकाणची पॅकेजं स्टेबलमध्ये मिसळू नका, असं डेबियनवाले स्वतःच सांगतात.

मित्र म्हणतात, डेबियन म्हणजे शिळं. मला ते पटत नाही. १९९३ पासून हे काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. नवं पॅकेज आधी 'अनस्टेबल'मध्ये येतं. तिथं काही दिवस, साधारण दोन ते दहा, ते वापरलं जातं. गंभीर नवा दोष निघाला नाही आणि ते ज्या पॅकेजांवर अवलंबून आहे तीही जागेवर असली, तर 'टेस्टिंग'मध्ये जातं. स्टेबल साधारण दोन वर्षांनी निघतं. त्यानंतर सुरक्षेचा दोष सापडला, तर सहसा नवी आवृत्ती न आणता तेवढी दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच बसवतात. घर न पाडता फुटलेलं कौल बदलावं तसं. नव्या लॅपटॉपला कधी कधी याचा त्रास होतो, वाय-फाय चालत नाही, हे मान्य. पण अंक लावणाऱ्याला काल होतं तेच आज लागतं.

तरी नुसतं थांबून भागत नाही, हे २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं साधन आहे. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. थकला होता. "अपडेट लवकर काढा" म्हणून अनोळखी नावांनी त्याच्यामागं तगादा लावला, आणि मदतीला आलेल्या 'जिया तान' नावाच्या कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला. मग त्यानंच ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा ठेवला. तो डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत पोचला होता! म्हणजे दिवस मोजण्याच्या नियमानं तो अडला नाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या अनस्टेबलवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, त्यानं खोदून पाहिलं आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. स्टेबल वाचलं.

अर्धा सेकंद त्याला खटकला. पण ऱ्या बिघडला तर तो कुणाला खटकणार? जर्मनीतल्या स्वयंसेवकाला दोन्ही सारखेच दिसणार. आपल्याकडं तर एकाच पत्रकात वर कन्नड, खाली मराठी असतं; दोन्ही लिप्या एका पानावर नीट बसतात का हे बेळगाव-निपाणीतल्या माणसाला जेवढं कळेल तेवढं पुण्यातल्यालाही कळणार नाही. डेबियनमध्ये 'फॉन्ट्स-इंडिक' घेतलं की देवनागरी आणि कन्नड दोन्ही येतात, ते आपण घेतो, वापरतो. बिघडलं की "लिनक्सवर मराठी नीट चालत नाही ओ" म्हणून मोकळे होतो. दोष कळवायला तिथं साधा ईमेल चालतो. मोडकं इंग्रजीही चालतं, सोबत चित्र जोडायचं.

आता प्रयोगशाळेतल्या एका जुन्या लॅपटॉपवर मी टेस्टिंग घातलंय. दर शनिवारी अपडेट करतो आणि मागच्या वर्षीचा अंक उघडतो. पान सात, खानापूरचा लेख, तिसरी ओळ. परवा 'दऱ्या' होत्या तशाच होत्या. कन्नडच्या एका जोडाक्षराबद्दल मात्र शंका आहे. मला नीट वाचता येत नाही, म्हणून कन्नड विभागातल्या मैत्रिणीला सोमवारी बोलावलंय.